माईकसमोरचा दादा

शाळेत आम्हाला एक निबंध हमखास यायचा: विज्ञान, शाप की वरदान. मी दरवेळी वरदान लिहायचे आणि शापाची बाजू सोडून द्यायचे, म्हणून बाई मार्क कापायच्या. आता साठी ओलांडली, तरी ती दुसरी बाजू लिहायला मला अजून उत्साह येत नाही. लोक एकमेकांशी बोलत नाहीत, सगळे मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतात, असं कोणी सुरू केलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठते.

प्रतापनगरात माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. एक खोली माणसासाठी आणि एक चार्जरसाठी, असं माझी वहिनी म्हणते, आणि ते फार खोटं नाही. हवेतली धूळ मोजणारं यंत्र आहे. कागदावरून फिरवलं की मजकूर वाचून दाखवणारं पेन आहे. फरशी पुसणारा रोबो आहे, तो कूलरच्या स्टँडखाली अडकला की मदतीसाठी इंग्रजीतून हाक मारतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी माल तपासण्यात काढली. लॉटमधून नमुना उचलायचा, मोजायचा, तोडून पाहायचा, शेरा मारायचा. निवृत्त झाल्यावर तीच खोड घरी आली. नवीन वस्तू आली की मी ती वापरण्याआधी तिचं काय चुकतं ते शोधते, आणि काही चुकलं नाही तर दिवसभर खूश असते.

मला चमत्कार वाटतो तो वस्तूचा नाही. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडावरून नाडी मोजतं. हे कोणालातरी सुचलं, त्याने करून पाहिलं, आणि ते जमलं. सिकलसेल आमच्या विदर्भाला नवा नाही. त्या आजारासाठी रक्त तयार करणाऱ्या पेशींमधलं जनुकच दुरुस्त करता येतं, असं ज्या सकाळी वाचलं, त्या सकाळी मी एकटीसाठी शिरा केला आणि बसून खाल्ला. असे सण माझ्या कॅलेंडरात बरेच आहेत.

या सगळ्याची टिंगल करणारा माणूस म्हणजे माझा दादा. हिंगण्याच्या एमआयडीसीत त्याने प्रेस मशीनवर आयुष्य काढलं. त्या धडधडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, त्यामुळे हळू बोलणं तो विसरूनच गेला होता. चहा मागणं, कूलरच्या पंपाला दम देणं, बातम्यांतल्या मंत्र्याला जाब विचारणं, सगळं एकाच पट्टीत चालायचं. वहिनी स्वयंपाकघरातून त्याच पट्टीत उत्तर द्यायची. नवा माणूस घरी आला की त्याला वाटायचं, आपण चुकीच्या वेळी आलो. पण ते भांडण नव्हतं, तो त्यांचा संसार होता. मुलगी लग्न होऊन भोपाळला गेली, तरी त्या घरात दोनच माणसं राहतात असं बाहेरून कधी वाटलं नाही.

तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि बिडी, दोन्ही व्यसनं त्याला शिफ्टमध्ये लागली होती. घसा बसला तेव्हा त्याने माठाच्या पाण्याला दोष दिला, मग कूलरच्या हवेला, मग वहिनीच्या फोडणीला. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि आम्हाला तिघांना समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला समोरून एक छिद्र राहील, श्वास तिथून घ्यायचा.

"म्हणजे मुके होतील का जी हे?" वहिनीने विचारलं.

जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर दादा पार्किंगमध्ये थांबला, हेल्मेट हातात धरून. त्याचा आवाज तेव्हा घोगरा झाला होता, पण त्याचाच होता.

"तुह्या त्या मशिनीत आहे का वं याच्यावर काही?" तो म्हणाला.

"आहे," मी म्हटलं.

खरोखरच होतं. माणसाचा आवाज आधी नोंदवून ठेवायचा, संगणकाला तो शिकवायचा, आणि मग आपण जे टाईप करू ते यंत्र त्या माणसाच्या आवाजात बोलतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत याला मोठ्या प्रयोगशाळा लागत, आता एक चांगला माईक आणि थोडा धीर पुरतो. मी याबद्दल वाचत होते, पण करून पाहायचं कारण कधी मिळालं नव्हतं. आता मिळालं. भावाला कॅन्सर झाला आहे आणि आपण आनंदाने माईकची वायर सोडवत बसलो आहोत, हे मला तेव्हा दिसत होतं. तरी मी सोडवत होते.

सकाळी त्याचा घसा त्यातल्या त्यात मोकळा असायचा, म्हणून मी सकाळीच गेले. दादा आंघोळ करून तयार होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशा विंचरलेल्या, अंगाला अत्तर. आमच्या सगळ्या गोतावळ्यात माईकवरचा माणूस तोच. कोणाच्याही घरचं लग्न असो, हॉलमध्ये शिरल्यावर त्याच्या हातात माईक यायचा आणि त्याचं सगळं रूप बदलायचं. "सर्व पाहुणे मंडळींना नम्र विनंती आहे, जेवण केल्याशिवाय कोणीही जाऊ नये." इतक्या मऊ, घरंदाज मराठीत तो हे म्हणायचा की मुलीकडच्यांना तो प्राध्यापक वाटायचा.

कूलरचा आवाज नोंदवला जाऊ नये म्हणून वहिनीने कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. उन्हाळ्याचे दिवस, खोलीची नुसती भट्टी झाली. मी पडद्यावर वाक्य दाखवायची, बटण दाबायची, दादा वाचायचा, मी बटण सोडायची. मला पाणी हवे आहे. आज हवा छान आहे. माझी औषधे कुठे आहेत? पाठीचा कणा ताठ ठेवून, एक एक शब्द तोलून, त्याने सगळं वाचलं. दोन वाक्यांच्या मध्ये तो वहिनीकडे वळून आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणायचा, "पंखा लाव वं जरासाक, जीव चालला," आणि मी बटण दाबलं की पुन्हा प्राध्यापक व्हायचा. घोगरा असला तरी आवाज स्वच्छ, उच्चार स्पष्ट, एकही वाक्य पुन्हा घ्यावं लागलं नाही. इतका चांगला नमुना मी नोकरीत क्वचित पाहिला होता. वहिनीही दारात उभी राहून कौतुकाने ऐकत होती. आम्हा तिघांपैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. माईकसमोर माणूस असाच बोलतो, हे आमच्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दवाखान्यात तो पाटीवर लिहायचा. घरी आला त्या रविवारी बरेच नातेवाईक जमले. गळ्यावर जाळीदार कापड बांधलेला दादा खुर्चीत बसला, मी त्याच्या मांडीवर टॅबलेट ठेवला. त्याने एका बोटाने बराच वेळ टाईप केलं आणि बोलण्याचं बटण दाबलं.

"आपण सर्व मंडळी आलात, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे."

आवाज त्याचाच होता. घोगरेपणाही मी थोडा काढून टाकला होता, त्यामुळे आजारापूर्वीचाच वाटला. आत्या रडायला लागली, काकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी त्याचं शूटिंग काढलं. माझ्या आयुष्यातल्या यशस्वी चाचण्यांमध्ये मी ती पहिल्या क्रमांकावर ठेवली.

पाहुणे गेले. वहिनी भांडी आवरत होती. दादाने टाईप केलं आणि खोलीत आवाज आला, "चहा दे वं." शब्द घरचे, पण सूर असा की जणू वधूच्या मामांना मंचावर बोलावणं चाललं आहे. मला हसू आलं. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि हळूच म्हणाली, "हो जी, आणते."

मला वाटलं सवय होईल. नव्या वस्तूला चार दिवस द्यावे लागतात. पण पुढच्या वेळी गेले तेव्हा घर वेगळंच वाटलं. टॅबलेट मधूनमधून बोलत होता, वहिनी खालच्या आवाजात हो-नाही करत होती, जणू वरच्या हुद्द्याचे कोणी साहेब मुक्कामाला उतरले आहेत. मी निघाले तशी ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली.

"बाई, आवाज त्यायचाच आहे, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण असे ते लग्नात बोलत. मले सारखं वाटते, आता म्हणतील, जेवून जा म्हणून. परवा भाजीत मीठ जास्त पडलं. त्यायनं टाईप केलं, अन् ते मशिनीची पाटी इतक्या शांतपणे बोलली, भाजी खारट झाली. मले रडूच आलं. एवढ्या वर्षांत मीठ जास्त झालं म्हणून मी कधी रडली नाही."

मी म्हटलं, आवाजाचा वेग थोडा वाढवून पाहू. वेग वाढवला, तर दादा घाईत असलेला प्राध्यापक वाटायला लागला.

मग दादाने टाईप करणं सोडलं. कोणी त्याला थांब म्हटलं नाही, तो रागावलाही नाही. टॅबलेट कपाटावर गेला आणि त्यावर वहिनीने रुमाल झाकला. पाणी हवं असलं की तो स्टीलचा पेला टेबलावर वाजवायचा. नको असलं की हात हलवायचा. गळ्याला लावून बोलायचं थरथरणारं यंत्र मी आणलं, ते त्याने एकदा लावून पाहिलं, स्वतःचा आवाज ऐकला आणि परत डब्यात ठेवलं. बोलता यावं म्हणून गळ्यात झडप बसवायचाही उपाय असतो, पण त्याला वेळ आहे, आधी रेडिएशनचा शेक पूर्ण होऊ द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या दृष्टीने सगळं उत्तम होतं. जखम भरली होती, वजन वाढत होतं. वहिनीही हळूहळू गप्प झाली. उत्तर येत नसेल तर माणूस किती दिवस एकटा बोलेल? टीव्हीसुद्धा आवाज बंद करून चालू असायचा. मला त्या घरात जायची भीती वाटायला लागली. दादा वाचला होता, आणि ती दोघं एका छपराखाली एकेकटी राहायला लागली होती.

कारखान्यात असा माल परत आला असता तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की दोष यंत्रात नाही, नमुन्यात आहे. आपण यंत्राला लग्नातला दादा दिला, त्याने लग्नातला दादा परत केला. घरातला दादा हवा असेल तर त्याचा नमुना हवा. मी नातेवाईकांकडून जुने व्हिडिओ मागवले. वाढदिवस, वास्तू, डोहाळजेवण, शेगावची सहल. प्रत्येक व्हिडिओत तेच. समोर मोबाईल आला की दादा कॉलर नीट करतो आणि हार्दिक शुभेच्छा देतो.

"भांडताना कोण शूटिंग काढते वं बाई?" वहिनी म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

उत्तर तिच्या फ्रीजवर होतं. दादाच्या साठीला मी त्याला एक बोलता स्पीकर दिला होता. हाक मारायची, गाणं सांगायचं, तो लावतो. दादाचं बोलणं त्याला कधीच धड कळलं नाही, आणि दादाला खात्री होती की कळतं, पण तो मुद्दाम ऐकत नाही. रोज सकाळी दोघांची जुंपायची. ऑपरेशननंतर त्याला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं, त्यावर धूळ बसली होती. असे स्पीकर आपण बोललेलं कंपनीच्या संगणकावर जमा करून ठेवतात. यावर जगभर टीका होते, ती योग्य आहे, आणि ती सोय बंद कशी करायची हे मी अर्ध्या कॉलनीला शिकवलं आहे. दादाच्या स्पीकरचं खातं मीच उघडलं होतं. तिथे बंद करायचं राहून गेलं होतं.

घरी येऊन मी ते खातं उघडलं. जुन्या बोलण्याची भली मोठी रांग होती. मी पहिला तुकडा लावला.

"अबे, जुनं गाणं लाव म्हटलं, हे काय लावून राहिला बे!"

स्पीकर पुष्कळदा चुकून जागा व्हायचा, त्यामुळे त्याने जे ऐकायला नको तेही ऐकून ठेवलं होतं. "अवं, चहा झाला का नाही, का पेरून राहिली चहा?" "हा कूलर आहे का हापशी आहे बे?" "चश्मा कुठी ठेवला माहा? काहून हात लावता माह्या वस्तूले?" एका तुकड्यात मागून वहिनीही होती: "अजी, डोक्यावर आहे तो!" मी हसत हसत ऐकत गेले आणि मग लक्षात आलं की मी रडते आहे. हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही. मी डोळे पुसले, गाणी आणि कूलरची घरघर गाळून आवाज वेगळा केला, आणि यंत्राला नव्याने शिकायला बसवलं.

यंत्र शिकलं, पण एक दोष राहिला. सगळे नमुने ओरडण्याचे होते, त्यामुळे त्याला ओरडण्याशिवाय दुसरं काही येईना. मी चाचणी म्हणून टाईप केलं, देव तुझं भलं करो. ते धमकीसारखं ऐकू आलं. एरवी असा माल मी पुढे जाऊ दिला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून त्यांच्याकडे गेले. दादा पुढच्या खोलीत मुक्या टीव्हीसमोर बसला होता. आतून पोळ्यांसाठी परातीत कणीक मळल्याचा आवाज येत होता. मी कपाटावरचा टॅबलेट काढला, नवा आवाज त्यात घातला आणि काही न सांगता त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने नको म्हणून हात हलवला. मी तशीच उभी राहिले. शेवटी, मला घालवण्यासाठीच बहुधा, त्याने चष्मा लावला आणि बोटाने एक एक अक्षर शोधायला लागला.

"चहाले काहून इतका वेळ लागून राहिला वं? गॅस पेटवला का नुसतीच पाहून राहिली त्याच्याकडे?"

सगळं घर दणाणलं. दादा स्वतःच दचकला. आत परातीचा आवाज थांबला. दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्याच्याकडे पाहवेना. आता बिघडलं तर पुढे माझ्याजवळ काही शिल्लक नव्हतं.

"येऊन राहिली न!" आतून आलं, त्याच पट्टीत. "दोनच हात आहेत मले! एवढीच घाई असंन तर उठा, अन् करून घ्या!"

दादाचे खांदे हलायला लागले. हसण्याला आता त्याच्याकडे आवाज नाही, गळ्यावरचं कापड तेवढं भरभर आत-बाहेर होतं. तो टॅबलेटवर वाकला. वहिनी दारात आली. कोपरापर्यंत कणीक लागली होती, त्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते, ते तसेच वाहत होते.

"बोला न! आता काहून गप बसले? बोला!"

इतक्या वर्षांच्या संसारात वहिनीने दादाचं एकही वाक्य पुरं होऊ दिल्याचं मला आठवत नाही. तो अर्ध्यात असतानाच तिचं उत्तर तयार असायचं. आता दादा एका बोटाने अक्षर शोधत होता, चुकत होता, खोडत होता, पुन्हा शोधत होता. आणि त्याची शिवी पुरी टाईप होईपर्यंत वहिनी कणकेचे हात तसेच समोर धरून, एक शब्दही न बोलता, दारात उभी राहिली.